बघून वाजवलेली गाणी

नंदू,

पेपरात छोटा मजकूर द्यायचा म्हणून तुझ्या भावोजींनी तो लिहिला आणि मला वाचून दाखवला. नाव, वय, मागे कोण कोण आहे, सगळं बरोबर होतं. मी म्हटलं, ठीक आहे, द्या. मग आतल्या खोलीत जाऊन बसले. त्या चार ओळींत तू वाजवायचास हे कुठेच नव्हतं, आणि ते घालायचं तर वाक्य कसं करायचं हे मलाही कळेना. वाजवायचा म्हणावं, तर कान गेल्यावर तू बँजो पार्टी सोडलीस त्यालाही वर्षं झाली. वाजवत नव्हता म्हणावं, तर दर रविवारी माझ्या हॉलमध्ये तू काय करत होतास? म्हणून हे तुलाच लिहितेय. एवढं लांबलचक वाचायचा तुला कंटाळा, माहितीये मला. पण बोलून तरी काय करू, तुला नीट ऐकू कुठे यायचं.

लहानपणी तू आईची मासळीची पाटी उपडी करून वाजवायचास. ती बाजारातून दमून यायची, ओट्यावर पाय पसरून बसायची आणि म्हणायची, "फोरशील ना रं माजी पाटी." पण पाटी काढून कधी घेतली नाही. कोळीवाड्यात कुणाची हळद असली की तू जेवायचं सोडून ढोलकीवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसायचास. किसनच्या बँजो पार्टीत गेलास तेव्हा तुला मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. आधी ढोलकी, मग विजेवरचा ऑक्टोपॅड. किसन बँजोवर, तू त्याच्या उजव्या हाताला, आणि तुमच्या दोघांच्या मागे माणसाच्या उंचीचे स्पीकर. ठाण्यापासून कल्याणपर्यंत लोक तारीख ठरवायच्या आधी विचारायचे, नंदू मोकळा आहे ना. त्या स्पीकरांपुढे तू किती वर्षं उभा राहिलास, याचा हिशोब आम्ही कुणी केला नाही. तूही नाही.

आधी तू म्हणायचास, लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. मग फोनला दोष द्यायला लागलास. मग एक दिवस आई तुझ्या मागे उभी राहून तुला हाका मारत होती आणि तू शांतपणे भाकरी खात होतास. डॉक्टरबाई म्हणाल्या, आतल्या नसा गेल्या आहेत, त्या परत येत नाहीत. मशीन दिलं त्यांनी. मशीन लावून, समोरच्याच्या ओठांकडे बघत, बोलणं तुला थोडंफार कळायचं. गाणं मात्र पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं येतं म्हणालास. गाणं सुरू झालं की मशीन काढून खिशात टाकायचास.

विठ्ठलवाडीची ती हळद शेवटची. ठेक्यात तू एकटाच पुढे पळालास, गाणाऱ्याला तुला पकडता येईना, आणि किसनने बँजो खाली ठेवून तुझ्या मनगटावर हात ठेवला. हे मला तू सांगितलं नाहीस, किसननेच सांगितलं. तू घरी आलास, ऑक्टोपॅड चादरीत बांधून माळ्यावर ठेवलास, आणि दुसऱ्या दिवसापासून चुलतभावाच्या बर्फाच्या दुकानात जायला लागलास. आई म्हणाली, रड तरी. तू तिला लादी फोडताना बर्फ कसा उडतो ते सांगत बसलास.

त्यानंतर आमच्या सईच्या वाढदिवसाला भावोजींनी तो गेम आणला. खोक्यावर चित्र होतं, आई-बाबा, पोरं, आजी, सगळे सोफ्यावर बसून हसतायत. आत चार रंगांची प्लास्टिकची पॅडं, पायात एक पेडल, दोन काठ्या. टीव्हीला जोडायचं, गाणं निवडायचं, की पडद्यावर वरून रंगीत गोल उतरायला लागतात. लाल गोल रेषेवर आला की लाल पॅडवर मारायचं, निळा आला की निळ्यावर. वेळेत मारलं तर पडदा म्हणतो 'परफेक्ट', चुकलं तर 'मिस'. मला पहिल्याच दिवशी त्याचा राग आला होता. आमच्या घरात खरा वाजवणारा गप्प बसलेला, आणि आम्ही प्लास्टिक बडवणार.

पण खोक्यावरचं चित्र खोटं नव्हतं, हे कबूल करायला हवं. घोडबंदरला राहायला आल्यापासून आम्ही तिघं एका खोलीत फक्त जेवायला भेटत होतो. भावोजींचं ऑफिस, माझं ऑफिस, ट्रॅफिक, सईचे क्लास. त्या गेमने आम्हाला एका सोफ्यावर आणलं. आईसुद्धा उठली. पदर खोचून दोन्ही हातांत काठ्या घेतल्या आणि मनाला येईल त्या पॅडवर मारत सुटली. सोप्या लेव्हलला ठेवलं की त्यात कुणी हरत नाही. एकही गोल लागला नाही तरी गाणं पूर्ण होतं आणि शेवटी पडद्यातले लोक टाळ्या वाजवतात. "बघ, मना पण येतं," आई म्हणाली. तिला त्या टाळ्या खऱ्या वाटल्या की नाही, मी कधी विचारलं नाही.

आई शनिवारीच यायची, तू रविवारी मासळी घेऊन यायचास, जेवायचास आणि सोफ्याच्या टोकाला बाल्कनीकडे तोंड करून बसायचास. सईने एका रविवारी तुझा हात धरून ओढलं. तिच्यासाठी म्हणून बसलास. आणि पहिल्याच गाण्यात सपशेल पडलास. गोल आले तसे तू मारलेस, पण दोन गोलांच्या मधल्या रिकाम्या जागेत स्वतःचं भरत गेलास, हाताच्या सवयीने. त्या गेमला जास्तीचं चालत नाही. प्रत्येक जादा थापेला तो तुझे मार्क शून्यावर आणायचा.

सईने तुझ्यासमोर येऊन सावकाश सांगितलं, "मामा, जास्तीचं नाही मारायचं."

"का?"

"ते सांगतात तेवढंच."

तू हसलास. "शाळाच आहे म्हण की."

किती महिन्यांनी हसलेलास तू. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली ती तेवढ्यासाठी.

मग तू शिकलास. महिन्याभरात सगळ्यात अवघड लेव्हलला पोचलास. आमच्या टीव्हीचा आवाज चित्राच्या किंचित मागून यायचा. भावोजी आणि सई त्यावरून भांडायचे, सेटिंग बदलत बसायचे, तरी त्यांचा हात घसरायचाच. कान एक सांगणार, डोळे दुसरं. तुला तो त्रासच नव्हता. तू बघून वाजवायचास. पडद्यावर 'परफेक्ट, परफेक्ट, परफेक्ट' अशी रांग लागायची आणि सई नाचायची.

त्या गेममधली गाणी बहुतेक इंग्रजी, थोडी हिंदी. त्यातलं एकही तू कान शाबूत असताना ऐकलेलं नव्हतंस. म्हणजे तू जी गाणी इतकी बिनचूक वाजवत होतास, ती तुला माहीतच नव्हती. सईच्या हे आमच्या आधी लक्षात आलं. तिने त्याचा खेळ केला. गाणं संपलं की ती तुला विचारायची, "मामा, हे गाणं कसलं होतं?" तू गोलांवरून ओळखायचास. "हे कुणीतरी घर सोडून चाललंय." "ह्यात दोघं भांडतात, शेवटी गोड होतात." ती मोबाईलवर उत्तर टाइप करून तुला दाखवायची. कधी जवळपास यायचं. एकदा एका गाण्याला तू म्हणालास, हे नक्की लग्नाचं. ते प्रेम मोडल्याचं निघालं. तू म्हणालास, "मग त्यांच्या ड्रमवाल्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही." सई हसून सोफ्यावरून खाली पडली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. मी म्हणायचे, हे संगीत नाही रे, हे टायपिंग आहे. वेळ बघतं फक्त. हात हलका पडला की जड, माणूस खूष आहे की रडतोय, त्याला काही कळत नाही. तू चार वर्षं वाजवलंस तरी तुला स्वतःचा एक तुकडा त्यात टाकता येणार नाही. आणि तू थांबलास तरी गाणं चालू राहतं. तुमच्या पार्टीत तू हात उचललास की सगळी वाडी मान वळवून बघायची. इथे तू नसलास तर कोण बघतंय?

तू माझ्या ओठांकडे बघत सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "ताई, तुझी नोकरीपण टायपिंगचीच आहे ना."

मी चिडले. तू थोडा वेळ काठ्या हातात फिरवत बसलास. मग जे म्हणालास ते मी अजून उगाळतेय. "सगळ्यांना माहीत आहे मला ऐकू येत नाय ते. दुकानात आलेला माणूस माझ्याशी बोलताना तोंड वाकडं करून बोलतो. आई हात हलवते. तू पण, ताई, सावकाश बोलतेस, मी पाच वर्षांचा असल्यासारखी. ह्या गेमला माहीतच नाय मी बहिरा आहे. हा एकटाच आहे असा."

 

मग किसन त्याच्या मुलीच्या हळदीचं आमंत्रण घेऊन आला. तुझ्यासमोर बसून, बोटांनी ठेका धरून दाखवत म्हणाला, "एक गाणं. फक्त एक. माझ्या पोरीच्या हळदीला तू नसलास तर मी बँजो हातात घेत नाय." तू नाही म्हणून मान हलवलीस.  युक्ती सईने काढली. तिला ती त्या गेमनेच दिली, हे मी मान्य करते. ती म्हणाली, "मामा, मी समोर उभी राहते. मी गोल होते."

दोघांनी पुढचे सगळे रविवार त्यात घालवले. माळ्यावरचा ऑक्टोपॅड खाली आला, चादर धुवायला टाकली. सईच्या कानात इअरफोन, त्यात किसनने पाठवलेलं गाणं. उजवा हात वरून खाली आला की सम, डावा आला की मधली थाप, दोन्ही वर गेले की थांबायचं. तुझे डोळे तिच्या हातांवर. प्लास्टिकची पॅडं त्या दिवसांत भिंतीला टेकून उभी होती. आई म्हणायची, पोरीचे हात दुखतील. सई म्हणायची, नाही दुखत.

हळदीला अंगणात फळ्यांचं बुटकं स्टेज टाकलेलं. दिवेलागणीची वेळ. सईला मी पिवळा फ्रॉक घातलेला, तो तुला नीट दिसावा म्हणून. ती स्टेजच्या समोर खुर्चीवर उभी राहिली, मी तिची खुर्ची धरलेली.  विठ्ठलवाडीला होती ती बरीचशी माणसं तिथे होती, आणि आता काय होतंय ते सगळे बघत होते.

तू सुरुवात केलीस. डोळे सईवर. बरोबर चाललेलं, अगदी बरोबर, टीव्हीसमोर असतं तसं. बायका उठल्या, नाचायला लागल्या, किसनची मुलगी पाटावरून हळदीच्या अंगाने बघत होती. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. आणि मग मला दिसलं की तू सईकडे बघत नाहीयेस. तू खाली बघतोयस, नाचणाऱ्या पायांकडे. सई हात हलवतच होती. तुझे हात तिच्या हातांपासून सुटले. थोडे पुढे गेले, आणखी पुढे गेले, आणि तू मधल्या रिकाम्या जागा भरायला लागलास. मी खुर्ची इतकी घट्ट धरली की सईने खाली बघितलं. मला वाटलं, आता किसन उठणार, आता मनगटावर हात ठेवणार.

किसन उठला नाही. त्याचा बँजो तुझ्या मागे आला. गाणारा आला. सगळं अंगण आलं. सईने हात खाली सोडले, खुर्चीवरून उडी मारली आणि गर्दीत घुसून नाचायला लागली. तू मान वर केली नाहीस. तुझा चेहरा घामाने निथळत होता. मी तुला शेवटचं असं कधी पाहिलेलं ते आठवेना मला.

दुसऱ्या रविवारी मी तुला म्हटलं, "बघितलंस? तो गेम कधी तुझ्या मागे आला असता? माणसं येतात. आता ठेव ते प्लास्टिक खोक्यात आणि जा किसनकडे."

तू म्हणालास, "ते दयेने आले, ताई."

"काहीतरी बोलू नकोस."

"मी चुकलो. किसनने सांभाळून घेतलं. सगळ्यांनी घेतलं. सगळ्यांना माहीत होतं ना. गेम 'परफेक्ट' म्हणतो तेव्हा मला ठाऊक असतं, मी बरोबर होतो. किसनने पाठ थोपटली त्याचं काय समजू?"

मी म्हटलं, ती दया नव्हती. तू म्हणालास, तुला कसं माहीत, तू काय वाजवतेस? भात थंड होत होता. आई म्हणाली, जेवा गो आधी. आपण जेवलो. मग सईने टीव्ही लावला आणि तू काठ्या उचलल्यास. त्या दिवशी तू फार छान वाजवलंस आणि मला ते बघवलं नाही. निघताना चपला घालत म्हणालास, "पुढच्या रविवारी भांडू."

पुढच्या रविवारी तू बसमधून उतरलास, आमच्या गेटपर्यंत आलास. पाण्याचा टँकर गेटातून मागे येत होता. वॉचमन ओरडला, भाजीवाली ओरडली, टँकरचा तो मागे येतानाचा भोंगा वाजत होता. तुझी पाठ होती. वॉचमन मला पुन्हा पुन्हा सांगत होता, मॅडम, मी खूप जोरात ओरडलो, खूप जोरात. मी त्याला म्हटलं, दादा, माहितीये मला. तो एवढा हादरलेला की मी त्याला बसवून पाणी दिलं. तोपर्यंत मला काही झालेलं नव्हतं. मग रस्त्यावर सांडलेली तुझी पिशवी दिसली. बोंबील होते त्यात, सईला आवडतात म्हणून साफ करून आणलेले.

ह्यापुढचं मी लिहीत नाही.

तेराव्याला किसन आला. कोपऱ्यात बसून राहिला. सगळे उठल्यावर मी त्याच्याजवळ गेले आणि विचारलं. विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही. म्हटलं, किसनदादा, खरं सांगा, त्या दिवशी तुम्ही त्याला सांभाळून घेतलं का? दया म्हणून?

तो म्हणाला, "कसली दया?"

"तो पुढे पळाला ना. विठ्ठलवाडीसारखा."

"विठ्ठलवाडीला तो एकटा पळालेला, ताई. पोरीच्या हळदीला आम्ही मागे पडलेलो. नाचणाऱ्यांचे पाय पुढे गेलेले, आमचं लक्षच नव्हतं. मी पोरीकडे बघत होतो, माझे डोळे भरलेले. नंद्या पायांवर वाजवत होता, म्हणून आम्ही त्याला धरलं. नायतर गाणं तिथेच मेलं असतं." मग डोळे पुसत म्हणाला, "हळदीत दया करायला वेळ असतो का कुणाला? नाचणारे मारतील आम्हाला. त्याला असं वाटलं का? मला बोलला असता तर."

नंदू, तू चुकला नव्हतास. हे तुला सांगायचं राहिलं. भांडणात मी बरोबर होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा काही उपयोग नाही. पुढच्या रविवारी भांडू म्हणालेलास. मी भांडायला तयार होते, पण माझ्याकडे फक्त माझं मत होतं, आणि किसनकडे उत्तर होतं. मी त्याला एक फोन केला असता तर त्याने ते तेव्हाच दिलं असतं. मला वाटलं, घाई काय आहे.

आणि तुझंही एक मला मान्य करायचंय. त्या प्लास्टिकने तुझ्याशी कधी सावकाश बोलून दाखवलं नाही. आम्ही सगळे तुझ्यावर जीव टाकत होतो आणि तरी तुला आमच्यात उभं राहायला त्याचीच मदत लागली. ते तुला ऐकत नव्हतं, पण तुला कमीही लेखत नव्हतं. आम्हाला ह्यातली एकच गोष्ट जमली, ऐकणं. सईने अजून गेमला हात लावलेला नाही. शाळेतून येते, त्या पॅडांना वळसा घालून आत जाते. मी तिला काही म्हणत नाही.

आईला मी इथे घेऊन आलेय. ती कोळीवाड्यात परत जायचं म्हणते, आणि पिशवी भरत नाही. किसनच्या भाच्याने हळदीचा व्हिडिओ पाठवलाय. फार वाईट घेतलाय, हलतोय, स्पीकर फाटल्यासारखा आवाज, आणि तुझ्यापुढे सारखी कुणीतरी नाचणारी बाई येते. आईला तो लागतो. दुपारी जेवणं झाली की ती माझ्याशेजारी येऊन बसते आणि म्हणते, "लाव."

मी लावते. ती पडद्याला नाक लावून बघते. तू दिसलास की बोट ठेवते, मग व्हिडिओ थांबतो, मग मी परत चालू करते.

"आवाज वाढव गो."

"वाढवलाय आई."

"आनखी वाढव."

"फुल आहे. ह्याच्यापुढे जात नाही."

ती पडद्यावरून नजर काढत नाही. "वाढव," ती म्हणते. "त्याला कमी ऐकू येतं."

मी बटण दाबत राहते.